आधी पांढरं शोधा: दोन वास्तवं दाखवणारे सायन्स फिक्शन सिनेमे कसे बघायचे

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच कुणी कामाशिवाय घराबाहेर पडत नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगमधली चार मुलं त्या वेळात आमच्या हॉलमध्ये कूलरसमोर येऊन बसायची आणि आम्ही सिनेमे बघायचो. 'द मॅट्रिक्स' लावला त्या दिवशी अर्ध्या तासाच्या सुमारास वरच्या मजल्यावरचा सातवीतला पोरगा म्हणाला, "काका, मले तं समजूनच नाही राहिलं. हा माणूस मघाशी खऱ्यात होता का आत्ता खऱ्यात आहे?"

मी सिनेमा थांबवून मागे नेला. ऑफिसचं दृश्य. नायक उशिरा आलाय, साहेब त्याला झापतोय, खिडकीबाहेर दोन माणसं काच पुसताहेत. "त्याच्या तोंडाकडे नको पाहू," मी म्हटलं. "शर्टाकडे पाहा. टेबलावरच्या कागदांकडे पाहा. पांढरे आहेत का?"

"पांढरेच तं आहेत."

मी त्याच्या वहीतलं कोरं पान त्याच्या हातात दिलं आणि टीव्हीच्या शेजारी धरायला सांगितलं. तो दोन क्षण बघत राहिला. "हिरवट आहे ना काका! सगळंच हिरवट आहे!"

पुढचा दीड तास कुणी मला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांचं त्यांना कळत होतं. त्या दिवसापासून हे सगळं नीट लिहून ठेवावं असं मनात होतं.

हे मला कुठून आलं

मी सीताबर्डीतल्या एका कलर लॅबमध्ये सव्वीस वर्षं प्रिंटिंगला होतो. रोज शेकडो फोटो डोळ्यांखालून जायचे. मशीनच्या छोट्या पडद्यावर निगेटिव्ह दिसायची आणि यलो, मॅजेंटा, सायन, डेन्सिटी या चार बटणांवर बोटं चालायची. ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो हिरवट यायचा, बल्बखालचा पिवळा, कडुनिंबाच्या सावलीतला निळसर. लग्नाच्या रोलमध्ये हे तिन्ही एकाच वेळी असायचे, वर पिवळ्या मांडवाची झाक वेगळीच.

माझ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, नवरीच्या चेहऱ्यावर रंग जमवू नको, फसशील. आधी पांढरं शोध. गुरुजींचं उपरणं, नवऱ्याचं धोतर, मागची चुन्याची भिंत. ते पांढरं झालं की चेहरा आपोआप जागेवर येतो. कारण डोळा लवकर सवय लावून घेतो. ट्यूबलाइटखाली पंधरा मिनिटं बसलं की हिरवट उजेडही पांढरा वाटायला लागतो, मग तुम्ही चुकीच्या रंगाला बरोबर म्हणता.

दोन वास्तवं दाखवणारे दिग्दर्शक नेमका याच सवयीचा उपयोग करतात. सिनेमातला नायक ज्या खोट्या जगाला सरावलेला असतो, त्याला प्रेक्षकाचा डोळाही सरावतो. मग ते जग फाटतं तेव्हा धक्का दोघांनाही बसतो. हे कसं केलंय ते दिसायला लागलं की मजा कमी होईल अशी भीती काहींना वाटते. माझा अनुभव उलटा आहे.

बसण्याआधी टीव्ही ठीक करा

हे पहिलं काम, आणि हेच बहुतेक लोक करत नाहीत. टीव्ही बसवायला आलेला माणूस तो 'व्हिव्हिड' मोडवर ठेवून जातो. दुकानाच्या झगमगाटात तो उठून दिसावा म्हणून तो मोड असतो. माझ्या घरी तसंच झालं. सहा महिने मी त्याच सेटिंगवर बघत होतो, पांढरं निळं पडलेलं होतं, आणि सव्वीस वर्षं रंग तपासलेल्या माणसाला ते लक्षात आलं नाही याचं मला फार वाईट वाटलं. डोळा सरावतो म्हणजे काय, ते तेव्हा पुन्हा कळलं.

सेटिंगमध्ये जाऊन पिक्चर मोड 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' करा. कलर टेम्परेचर 'वॉर्म' ठेवा. पहिला दिवसभर पडदा पिवळट वाटेल, दुसऱ्या दिवशी वाटणार नाही. मग 'मोशन' नावाचं जे काही असेल ते बंद करा. सिनेमा सेकंदाला चोवीस फ्रेम्सचा असतो. हे मोशनवालं सेटिंग मधल्या फ्रेम्स स्वतः बनवून घुसवतं आणि सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. एक कोरा पांढरा कागद हाताशी ठेवा.

मॅट्रिक्सपासून सुरुवात का

कारण १९९९ च्या या सिनेमात नियम अगदी स्वच्छ आहे. दिग्दर्शक वाचोव्स्की भावंडांनी आणि छायाचित्रकार बिल पोप यांनी कॉम्प्युटरने बनवलेल्या जगाला हिरवी झाक दिली, जुन्या एकरंगी मॉनिटरच्या अक्षरांची आठवण करून देणारी. माणसं जिथे खरोखर राहतात त्या जहाजातल्या दृश्यांना थंड निळी. एकदा कागद धरून हे तपासलं की पुन्हा कागद लागत नाही.

पण रंगावर थांबू नका. कपडे बघा. खोट्या जगात इस्त्रीचे सूट, चकाकणारं चामडं, एक सुरकुती नाही. जहाजात भोकं पडलेले, उसवलेले स्वेटर. जेवण बघा: खोट्या जगात रसरशीत स्टेक (भाजलेल्या मांसाचा जाड तुकडा), खऱ्यात वाडग्यात पातळ पांढुरका लगदा. आमच्या घरातल्या मुलांनी ताबडतोब पक्ष बदलला, म्हणे खोट्या जगातच राहायला पाहिजे. यावर त्यांनी अर्धा तास वाद घातला, आणि सिनेमाला हाच वाद हवा आहे. त्यात एक माणूस नेमका याच स्टेकसाठी आपल्या लोकांना विकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. नायक पहिल्यांदा कुंगफू शिकतो ती लाकडी फरशीची खोली आठवा. तिथे कागद धरा. हिरवी नाही, निळीही नाही, पिवळसर सोनेरी आहे. कारण ती खोली दोन्हींत बसत नाही. ती शत्रूने, म्हणजे खोटं जग चालवणाऱ्या यंत्रांनी, बनवलेली नाही, जहाजातल्या लोकांनी सरावासाठी बनवलेला प्रोग्राम आहे. तिसऱ्या प्रकारच्या जागेला तिसरा रंग. आणि त्याआधी येते ती रिकामी, भिंती नसलेली, फक्त दोन खुर्च्या आणि टीव्ही असलेली जागा. तिथे पांढरं सगळीकडे आहे आणि टेकायला मात्र काहीच नाही. तिथे पोचलो तेव्हा मुलांना मी काही सांगितलं नाही. सातवीतल्यानेच कागद खाली ठेवला.

एक सूचना. या सिनेमाच्या सगळ्या प्रती सारख्या नाहीत. पुढचे भाग आल्यावर त्यांच्याशी जुळावं म्हणून नंतरच्या काही प्रतींत हिरवा रंग वाढवला गेला. २०१८ च्या फोर-के प्रतीवर बिल पोप यांनी स्वतः लक्ष घातलं. ती मिळाली तर ती बघा.

जोड कुठे आहे ते पकडा

दोन जगं वेगळी दाखवणं सोपं असतं. एका जगातून दुसऱ्यात कसं नेलं, यावर दिग्दर्शकाचा कस लागतो. पाटलोणीच्या दोन कापडांपेक्षा शिवण बघावी तसं.

याचा जुना आणि सगळ्यात सुंदर नमुना सायन्स फिक्शनचा नाहीच, परीकथेचा आहे: १९३९ चा 'द विझर्ड ऑफ ऑझ'. मुलगी तपकिरी, सेपिया घरातून दार उघडते आणि बाहेर रंगीत जग असतं, एकाच सलग दृश्यात. हे लॅबमध्ये केलेलं नाही. घराची आतली बाजू खरोखरच तपकिरी रंगवली होती, आणि दार उघडणारी पाठमोरी मुलगी ही दुसरीच, तपकिरी कपडे घातलेली डमी होती. त्या दृश्याची फिल्म पहिल्यापासून रंगीतच. ती बाजूला होते आणि निळ्या फ्रॉकमधली खरी नटी पुढे येते. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री झोपलो नाही. आम्ही बटणांनी जे करायचो ते त्या लोकांनी ब्रश आणि डब्याने केलं होतं.

आणि मग आंद्रेई तारकोव्हस्कीचा १९७९ चा 'स्टॉकर'. तीन माणसं, त्यांतला एक वाटाड्या, पहाऱ्यातून निसटून 'झोन' नावाच्या निषिद्ध इलाक्यात जातात. सुरुवातीचं गाव, घर, दारूचा गुत्ता, सगळं सेपिया. मग ते रुळांवरच्या एका छोट्या ट्रॉलीवर बसतात. कॅमेरा फक्त त्यांच्या डोक्यांवर, मानांवर. मागे धूसर काहीतरी सरकतंय. चाकांचा खडखडाट चालू आहे, चालू आहे, आणि ऐकता ऐकता तो खडखडाट हळूहळू इलेक्ट्रॉनिक होत जातो, खोल कुठूनतरी यायला लागतो. त्यानंतर एक कट, आणि ओलं हिरवं गवत. रंग. डोळ्यांआधी कानांनी सीमा ओलांडलेली असते. पहिल्यांदा बघताना तुम्हाला हे कळणारही नाही, फक्त पोटात काहीतरी हललेलं जाणवेल. दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐका.

या सिनेमाशी माझं नातं आणखी एका कारणाने आहे. पहिल्या वर्षी केलेलं त्याचं बरंचसं बाहेरचं चित्रीकरण डेव्हलप करताना खराब झालं आणि वापरता आलं नाही. सिनेमा पुन्हा चित्रित करावा लागला.

१९९६ च्या मे महिन्यात माझ्या हातून असं झालं होतं. रंगीत निगेटिव्हचा डेव्हलपर (फिल्म धुवायचं रसायन) अडतीस अंशांच्या जवळ लागतो आणि फिल्म त्यात सव्वातीन मिनिटं राहायला हवी. फिल्म आत असताना लाइट गेली, बॅटरीने दगा दिला, आणि हाताने फिल्म बाहेर काढेपर्यंत वेळ गेला. काटोलकडचं लग्न होतं. त्या रोलमध्ये पाठवणी होती. मी जमेल तितके रंग सुधारून प्रिंट काढले आणि मुलीच्या वडिलांसमोर ठेवले. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "साहेब, हे माही पोरगी नाही."

मी ती फिल्म परत घेतली. रात्री जुन्या एनलार्जरवर (निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्रावर) त्याच फ्रेम्स ब्लॅक अँड व्हाइट काढल्या, दाणेदार आल्या, पण आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या हातात घेतल्या आणि तिथेच काउंटरवर डोळे पुसले. त्यांच्यासाठी आता ती त्यांची पोरगी होती.

रंग किंचित चुकला की माणूस खोटं म्हणतो. रंग मुळातच नसला तर खरं मानतो. 'स्टॉकर'चा सगळा खेळ इथे आहे. आपण बिनरंगाच्या गावाला खरं मानून बसतो आणि रंगीत झोनला जादूचा मुलूख. सिनेमा विचारतो, कशावरून?

नियम मोडतो ती जागा

मुलांना मी एकच गृहपाठ देतो. नियम सापडला की खूश होऊ नका, तो कुठे मोडतो ते शोधा.

'स्टॉकर'मध्ये माणसं झोनमधून परत येतात, पुन्हा तपकिरी गाव. आणि मग वाटाड्याची लहान मुलगी दिसते, डोक्याला स्कार्फ बांधलेली, बापाच्या खांद्यावर बसून पाण्याकाठाने जाताना, आणि ते दृश्य रंगीत आहे. झोनच्या बाहेर, त्या मळक्या गावात रंग. चालता न येणाऱ्या त्या मुलीपाशी. शेवटच्या दृश्यात ती टेबलावरच्या ग्लासांकडे बघत बसते. पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. दोन तास चाळीस मिनिटांचा सिनेमा या एका रंगासाठी बघावा, असं मी मनापासून सांगतो.

क्रिस्टोफर नोलनच्या 'इन्सेप्शन'मध्ये (२०१०) एक टोळी औषध घेऊन दुसऱ्याच्या स्वप्नात, मग त्या स्वप्नातल्या स्वप्नात शिरते. नायकाजवळ एक भोवरा असतो: पडला तर वास्तव, फिरतच राहिला तर स्वप्न. सगळे शेवटच्या भोवऱ्यावर भांडतात, पडला की नाही. मी लग्नांच्या फोटोंतला माणूस, माझं लक्ष बोटाकडे जातं. नायक जागा असताना त्याच्या हातात अंगठी नसते, स्वप्नात असते. शेवटी भोवरा येण्याच्या जरा आधी, विमानतळावर, त्याच्या डाव्या हातावर लक्ष ठेवा.

याच सिनेमात रंगांपेक्षा घड्याळ महत्त्वाचं आहे. साध्या स्वप्नात बाहेरची पाच मिनिटं म्हणजे आतला एक तास. मोठ्या मोहिमेत औषध जास्त तीव्र आहे, म्हणून विमानातले दहा तास पहिल्या पातळीवर आठवडा, दुसरीवर सहा महिने, तिसरीवर दहा वर्षं. पावसाचं शहर, उबदार रंगांचं हॉटेल, बर्फाचा डोंगर, असं नुसतं हवामान बघूनही आपण कितव्या पातळीवर आहोत ते कळतं. आणि स्वप्नातून उठवायला वाजणारं एदित पियाफचं फ्रेंच गाणं खालच्या पातळीवर मंद होत जातं, घरघरतं. हान्स झिमरने पार्श्वसंगीतातले ते मोठे ब्रासचे (पितळी वाद्यांचे) सूर याच गाण्याच्या मंद रूपाशी जोडले आहेत. गाणं आधी युट्यूबवर ऐकून ठेवा.

कोणत्या जातीचं वास्तव आहे ते आधी ठरवा

हे पाहिजे तर सुरुवातीला सांगायला हवं होतं, पण दोन-तीन सिनेमे बघितल्यावरच ते पटतं. 'मॅट्रिक्स'सारख्या सिनेमात एक जग खरं, दुसरं बनावट. 'इन्सेप्शन'मध्ये एकात एक बसलेल्या पेट्या. आणि तिसरी जात फुटलेल्या वाटांची, तिथे सगळीच जगं खरी असतात. मराठी वाचकाला हा प्रकार नवीन नाही. जयंत नारळीकरांच्या गंगाधरपंतांना असं पानिपत भेटतं जिथे विश्वासरावांना गोळी लागलीच नाही. तिथे 'खरं कोणतं' हा प्रश्न विचारूच नये. 'वाट कुठे फुटली' हा विचारावा.

फुटलेल्या वाटांचे सिनेमे जगं वेगळी दाखवायला इतर युक्त्या करतात. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स'मध्ये (२०२२) पडद्याचा आकारच बदलतो, कधी रुंद, कधी जुन्या टीव्हीसारखा जवळजवळ चौकोनी. २०१८ च्या ॲनिमेटेड 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स'मध्ये शिकाऊ स्पायडर-मॅन माइल्स बराच काळ सेकंदाला बारा चित्रांत हलतो आणि शेजारचा मुरलेला पीटर चोवीस चित्रांत, म्हणून एकाच चौकटीत एक अडखळत आणि एक सहज पळताना दिसतो. टीव्हीचं मोशन सेटिंग चालू असेल तर हा सगळा फरक पुसला जातो. म्हणून ते बंद करायला सांगितलं.

मोठ्यांसाठी, रात्री बघायला, 'कोहेरन्स' (२०१३). आठ मित्र जेवायला जमलेत, आकाशात धूमकेतू आहे, लाइट जाते, आणि सगळ्या वस्तीत लांबवर एकच घर उजळलेलं दिसतं. ते घर त्यांचंच असतं. दिग्दर्शक जेम्स वॉर्ड बर्किट यांनी हा सिनेमा स्वतःच्या घरात पाच रात्रींत चित्रित केला, नटांना पूर्ण संहिता न देता, रोज थोड्या थोड्या चिठ्ठ्या देऊन. खर्चिक काहीच नाही. कोण कुठल्या घरातलं आहे हे कळतं ते हातातल्या चमकणाऱ्या कांड्यांच्या रंगावरून: आपल्या लोकांकडे निळ्या, अंधारात समोर आलेल्यांकडे लाल. पुढे ओळख पटावी म्हणून ते एकमेकांचे फोटो घेऊन मागे फासे टाकून आलेले आकडे लिहितात. मला ते बघताना लॅबचे लिफाफे आठवले. प्रत्येकावर नंबर, कारण त्याशिवाय कुणाचं लग्न कुणाच्या घरी जाईल याचा नेम नाही. हा सिनेमा बघताना हातात वही ठेवा, कांडीचा रंग आणि फोटोचा आकडा लिहीत जा. पहिल्या खेपेला मला तीन वेळा मागे जावं लागलं.

स्वतः करून बघा

मोबाइलच्या कॅमेऱ्यात 'प्रो' मोड असेल तर त्यात व्हाइट बॅलन्सचा (कोणत्या उजेडाला पांढरं धरायचं त्याचा) आकडा बदलता येतो. खिडकीपाशी पांढऱ्या बशीत काहीतरी ठेवा. आम्ही तर्री पोहे ठेवले होते. मोबाइल हलू नये म्हणून पुस्तकांना टेकवा. एक फोटो ३००० वर घ्या, एक ७५०० वर. पहिल्यात बशी निळी येईल आणि पोहे कालचे, कुठल्यातरी रिकाम्या स्टेशनवरचे वाटतील. दुसऱ्यात सगळं नारिंगी, तर्री आत्ताच कढईतून आल्यासारखी. बशी तीच, मिनिट तेच. मुलांपैकी एकीने मागे भिंतीवरचं घड्याळ येईल असं बघितलं, म्हणजे दोन्ही फोटोंत सव्वाचार वाजलेले दिसतात. मला ते सुचलं नव्हतं.

मग संध्याकाळी नागपुरातल्या फुटाळा तलावावर गेलात तर सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटं थांबा. पाण्याकडे बघितलं तर जग निळं, मागे वळून चाटच्या गाड्यांच्या दिव्यांकडे बघितलं तर पिवळं. मधे उभ्या असलेल्या माणसाच्या पांढऱ्या शर्टाची एक बाजू या जगातली आणि दुसरी त्या. फोटो घ्या.

सुट्टीत कुठल्या क्रमाने बघायचं असं मुलांच्या आयांनी विचारलं म्हणून सांगतो. लहानांनी ऑझ आणि स्पायडर-व्हर्स. सातवी-आठवीच्या पुढे मॅट्रिक्स, पण सोबत मोठं माणूस असू द्या, मारामारी बरीच आहे. दहावीनंतर इन्सेप्शन. कोहेरन्स मोठ्यांनी. स्टॉकर मात्र उन्हाळ्यात लावू नका. आम्ही मे महिन्यात लावला आणि ट्रॉलीच्या चाकांचा आवाज कूलरच्या पंख्यात बुडून गेला, कुठे बदलला कुणालाच कळलं नाही. तो डिसेंबरात, खिडक्या लावून, पंखा बंद करून बघा.